पूर्ण एक मिनिट

पंखे बंद झाले तेव्हा वॉर्डातल्या चौतीस आयांना एकदम कळलं, की आपण किती बोलत होतो. एकेक करत आवाज खाली बसले. कोपऱ्यात कुणीतरी डब्याचं झाकण लावलं, तेसुद्धा ऐकू आलं.

"पोरं खोकली तर खोकू द्या, पण आयांनी खोकायचं नाय," कडूबाई म्हणाल्या. कडूबाई म्हणजे बालरोग वॉर्डातल्या मावशी. अठ्ठावीस वर्षं त्यांनी इथली फरशी पुसली होती आणि त्या बळावर कुणालाही दम द्यायचा हक्क आपल्याकडे घेऊन ठेवला होता. "दाभाडे साहेबाला ह्या पोरीचा श्वास भरून घ्यायचाय. एक मिनिट."

"भरून कुठं न्यायलेत?" खिडकीजवळच्या बाईनं विचारलं.

"नवीन डॉक्टरायला ऐकवायला."

"त्यायला श्वास म्हाईत नाय व्हय अजून?"

वॉर्ड हसला आणि तो प्रयत्न फुकट गेला. पुंडलिक दाभाडे यांनी खिशातली वही काढून आकडा लिहिला : नऊ.

ते रागावले नाहीत. रागवायला जो वेग लागतो तो त्यांच्याकडे नव्हता. दुपारी अडीचची वेळ त्यांनी मुद्दाम धरली होती, कारण जेवणं झालेली असतात आणि निम्मी पोरं झोपलेली असतात. तरी पहिला प्रयत्न ट्रॉलीनं घालवला, दुसरा आणि तिसरा रडण्यानं, पाचवा कुणाच्या तरी मोबाइलमधल्या आरतीनं. सहाव्याला सगळं जमून आलं होतं. बावन्नाव्या सेकंदाला एका आजीनं हळूच विचारलं, "झालं का वो मिनिट?"

तिसऱ्या दिवशी, बाराव्या प्रयत्नाला, ते सापडलं. दौलताबादची दहा महिन्यांची मुलगी, आईच्या मांडीवर, मायक्रोफोन नाकापासून चार बोटांवर. साठ सेकंद. श्वास छप्पन. मागं कुठंतरी एक पोर कुरकुरतं, पण ते चालण्यासारखं. दाभाड्यांनी यंत्र बंद केलं, मुलीच्या आईला मान लववली आणि पंख्यांची बटणं स्वतः जाऊन लावली. चौतीस बायका पुन्हा एकदम बोलू लागल्या, जणू मधल्या मिनिटाची भरपाई करायची होती.

दाभाडे विभागाचे आर्टिस्ट होते. हे पद आता कुणाला सांगितलं तर समोरचा त्यांच्या केसांकडे बघतो. पण एक काळ होता की वैद्यकीय कॉलेजात चित्रकार लागत असे. गोवराचं पुरळ कानामागून कसं सुरू होतं, जुलाबानं सुकलेल्या पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरल्यावर कशी उभी राहते, गालगुंडाच्या सुजेनं कानाची पाळी कशी वर उचलली जाते, हे सगळं दाभाड्यांनी तक्त्यांवर रंगवलं होतं. मग प्रोजेक्टर आला. मग प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आला. तक्ते कपाटावर चढले. सरकारनं पद मृत संवर्गात टाकलं. म्हणजे हा माणूस निवृत्त झाला की पद मिटलं, नवीन भरती नाही. पद मेलेलं आणि त्यावरचा माणूस रोज सव्वानऊला सही करतो, असा हा हिशेब अकरा वर्षं चालू होता.

अशात विभागप्रमुख तनुजा मॅडमच्या मनात पॉडकास्ट आला.

मॅडम हुशार होत्या आणि खरंच तळमळीच्या होत्या. त्यांचा दोष एकच : समोरच्याचं वाक्य त्या पूर्ण होऊ देत नसत, स्वतःच पूर्ण करून टाकत आणि बहुतेक वेळा बरोबर करत. रेसिडेंट म्हणजे शिकाऊ डॉक्टर. ते चोवीस-चोवीस तास ड्यूटी करतात आणि लेक्चरला येऊन झोपतात, हे मॅडमनी मोजून पाहिलं होतं. तेव्हा मुलांचे नेहमीचे दहा आजार, दहा भाग, प्रत्येक भाग तेरा मिनिटांचा. जुलाब, तापातली आकडी, गोवर, कावीळ, न्यूमोनिया. चालता-फिरता ऐका. रेकॉर्डिंगला माणूस कोण, असा प्रश्न आला, आणि विभागात एकच माणूस असा होता की ज्याला दुसरं काम नाही.

दाभाड्यांनी ते काम असं उचललं की लोकांना जरा अवघडल्यासारखं झालं. अडगळीच्या खोलीत त्यांनी वॉर्डातल्या जुन्या गाद्या भिंतींना उभ्या लावल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. एका भागासाठी मॅडमना ते चार-चार वेळा बोलायला लावत. "इथं 'म्हणजे' तीनदा आलंय," असं सांगत. मॅडम वैतागत, पण भाग चांगला होई.

न्यूमोनियाच्या भागात मॅडम सांगत होत्या : दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त असेल तर तो जलद समजायचा. दाभाडे म्हणाले, "मॅडम, चित्र असतं तर मी बरगडी दाखवली असती. आवाजात पन्नास म्हणजे किती, हे त्यांना कसं…"

"ऐकवावं लागेल," मॅडमनी पूर्ण केलं.

म्हणून ते मिनिट. भागात सहा मिनिटं चाळीस सेकंदांना ते सुरू होई. त्याच्या आधी कुणीतरी सूचना द्यायला हवी होती आणि मॅडम त्या दिवशी मुंबईला निघाल्या होत्या. म्हणून तेवढी दाभाड्यांनीच आपल्या आवाजात भरली. "आता एक मिनिट. घड्याळ लावा. मोजा." एकतीस वर्षांच्या नोकरीत संस्थेनं त्यांच्या तोंडून अधिकृतपणे घेतलेली ही तीन वाक्यं. त्यांनी ती सतरा वेळा भरली आणि चौदावी ठेवली.

घरी हे सांगायला कुणी नव्हतं. बायको होती, पण पुण्यात होती. संध्याबाई मुलीच्या बाळंतपणाला चाळीस दिवसांसाठी म्हणून गेल्या होत्या, त्याला दोन वर्षं होऊन गेली. मुलगी राजनंदिनी आणि जावई दोघंही कंपनीत, नातू अभय लहान, पाळणाघर मनाला येत नाही. भांडण नाही, रुसवा नाही. माणूस जिथं लागतो तिथं असतो, एवढंच. भावसिंगपुऱ्यातल्या दोन खोल्यांत दाभाड्यांचा सकाळचा चहा एक कप होई आणि जेवणाचा डबा येई. फोन रोज संध्याकाळी साडेसातला. संध्याबाई फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवत आणि पोळ्या लाटता लाटता बोलत. "जेवले का? गोळी घेतली का? अभ्या, ते तोंडात घालू नको. हां, बोला." बोलणं सहा-सात मिनिटांचं, त्यातली दोन अभयशी.

त्यांनी तिला न्यूमोनियाच्या भागाची लिंक पाठवली होती. "ऐकते, ऐकते," ती म्हणाली. पुन्हा विचारायची त्यांची रीत नव्हती.

पण ॲप सगळं सांगे. कितीजणांनी उघडलं, सरासरी किती वेळ ऐकलं. न्यूमोनियाचा भाग सदतीसजणांनी उघडला होता. छत्तीस रेसिडेंट आणि सदतिसावे दाभाडे स्वतः. रेसिडेंटच्या ऐकण्याची सरासरी वेळ : साडेसहा मिनिटं.

ते मिनिट सहा-चाळीसला सुरू होत होतं.

दाभाडे त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले. म्हणजे मॅडमचं सगळं ऐकतात आणि आपण तोंड उघडायच्या दहा सेकंद आधी उठतात. महिनाभर त्यांनी तो आकडा रोज पाहिला. हलला नाही. एकदा जिन्यात ऋतुराज भेटला. दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, एका कानात कायम इअरफोन, दुसरा कान पेशंटसाठी. त्याचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं शिफ्ट करत होते आणि मुलगा डॉक्टर झाला हे अजून रोज कुणाला तरी सांगत. दाभाड्यांना विचारायचं होतं, की बाबा, तू ते मिनिट ऐकलंस का. पण ते शब्द जुळवेपर्यंत ऋतुराज "काका, मस्त चाललंय पॉडकास्ट, एकदम भारी," म्हणून दोन-दोन पायऱ्या उतरून गेलासुद्धा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी बाह्यरुग्ण विभागात खोकल्याच्या पोरांची रांग दारापर्यंत आली होती. कन्नडकडच्या एका गावाहून मनकर्णाबाई नावाची आजी नऊ महिन्यांच्या नातवाला, शिवमला, घेऊन जीपनं आली होती. खुर्चीवर ऋतुराज होता. सकाळपासूनचं हे त्याचं एकसष्टावं पोर. आजीनं सांगितलं की कालपासून लेकराची बरगडी उडायलीय. ऋतुराजनं कुंची वर केली, छातीला नळी लावली, क्षणभर कान दिला. न्यूमोनिया कसा वाजतो हे त्याला पाठ होतं. त्या पॉडकास्टमधली पोरगी कशी कुत्र्यासारखी धापत होती. हे पोर त्या मानानं निवांत होतं. त्यानं खोकल्याचं औषध लिहिलं, वाफ द्यायला सांगितली आणि पुढच्याला बोलावलं. घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. त्यानं ते पाहिलं नाही.

मंगळवारी पहिल्या एसटीनं आजी परत आली तेव्हा शिवमचे ओठ काळपट झाले होते आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. त्याला लगेच ऑक्सिजन लावला.

तो वाचेल हे बुधवारी दुपारी नक्की झालं, आणि म्हणून बुधवारी दुपारी मॅडमनी ऋतुराजला केबिनमध्ये बोलावलं. जीव टांगणीला असताना त्या कुणावर ओरडत नसत, ही त्यांची चांगली बाजू. अर्ध्या तासानं दाभाड्यांनाही निरोप आला. ते आपल्या यंत्रासह गेले.

वाटेत वॉर्डात ते थांबले. शिवमच्या नाकाशी नळी होती आणि आजी त्याचे तळपाय चोळत होती. कडूबाईंनी आजीला हळू आवाजात काहीतरी सांगितलं, बहुतेक हे कोण ते. आजीनं दाभाड्यांकडे पाहिलं. ती भांडायच्या पलीकडे दमली होती.

"म्या सांगितलं तवा ऐकलं त्यानं," ती म्हणाली. "मोजलं नाय."

केबिनमध्ये ऋतुराज उभा होता. डोळे लाल होते. मॅडमच्या टेबलावर कोरा कागद होता आणि पेनाचं टोपण उघडं होतं.

"दाभाडे, हा म्हणतो की त्यानं तुमच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं. रेकॉर्डिंगमधला श्वास याच्यापेक्षा खूप जलद होता म्हणतो. काल भरती करताना पोराचा अठ्ठावन्न भरला, तुमचा छप्पन. मग जास्त जलद कसा असेल? ते भरताना वेग…"

"वेग बरोबर आहे मॅडम."

"ऐकवा."

दाभाड्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, मूळ रेकॉर्डिंग लावलं. दौलताबादची ती मुलगी केबिनमध्ये श्वास घेऊ लागली. साठ सेकंदांत छप्पन. मॅडम ओठ हलवत मोजत होत्या. शेवटच्या श्वासाला त्यांनी मान डोलावली.

ऋतुराज गोंधळून गेला होता. "काका, हे ते नाही. हे तुम्ही स्लो केलंय."

"मी कशाला स्लो करू?"

"नाही काका, मी पाच वेळा ऐकलंय ते. बाथरूममध्ये, मेसमध्ये. ती मुलगी इतकी हळू नव्हतीच. मी खोटं बोलत नाहीये, मॅडम."

पाच वेळा. दाभाड्यांच्या मनात तेवढाच शब्द पडला आणि तिथंच बसला. हा पोरगा सहा-चाळीसच्या पुढं गेला होता. पाच वेळा.

"तुझा फोन दे बरं," ते म्हणाले. "जिथं ऐकतोस तिथंच लाव."

ऋतुराजनं ॲप उघडलं आणि भाग लावला. मॅडमचा आवाज आला, पण मॅडम कुणीतरी पाठीमागं लागल्यासारख्या बोलत होत्या. मग दाभाड्यांचाही आला. आताएकमिनिटघड्याळलावामोजा. आणि मग ती पोरगी, धापत, एका श्वासावर दुसरा चढवत. तीस सेकंदांत तिचं मिनिट संपलं.

पडद्याच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिलं होतं : दुप्पट वेग.

ऋतुराजनं फोनकडे असं पाहिलं, की हा आपलाच आहे का.

"मी सगळंच असं ऐकतो, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "पीजीच्या अभ्यासापासून. लक्षातच येत नाही आता. साध्या वेगानं ऐकलं तर माणूस आजारी आहे असं वाटतं."

दाभाडे खुर्चीत बसले. न सांगता बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. तेराचे निम्मे साडेसहा. चौथीतल्या पोराला आलं असतं हे गणित, पण त्यांनी महिनाभर त्या आकड्याला दुसरंच काही समजून कवटाळलं होतं. कुणी मधून उठलंच नव्हतं. छत्तीसच्या छत्तीसजणांनी शेवटपर्यंत ऐकलं होतं आणि एकानंही ते ऐकलं नव्हतं.

"हा निष्काळजीपणा आहे," मॅडम म्हणाल्या आणि पेन उचललं. "ऋतुराज, मी मेमो देणार आहे. डीनकडे जाईल. टर्म वाढेल तुझी, सहा महिने तरी. पॉडकास्ट चांगला आहे, रेकॉर्डिंग अचूक आहे, चूक तुझी एकट्याची आहे."

ऋतुराजनं मान हलवली. पोर त्यानंच मोजलं नव्हतं.

आता इथं पुंडलिक दाभाड्यांनी गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. एरवी ते तेच करत. शिवाय मॅडमनी आत्ताच जे म्हटलं त्यात त्यांचं मिनिट सुखरूप होतं : रेकॉर्डिंग अचूक, चूक एकट्याची. मेमो गेला की प्रकरण संपलं, आणि ते मिनिट पुढच्या तुकडीसाठी, त्याच्या पुढच्या तुकडीसाठी, पद मिटल्यावरसुद्धा, तसंच राहणार होतं. तोंड उघडलं तर ते जाणार, हे त्यांना दिसत होतं. माणसांचे स्वभाव त्यांनी तेवढे पाहिले होते.

त्यांनी वही काढली. पानं उलटली. सावकाश.

"मॅडम, चूक त्याची आहेच. पण एकट्याची नाही. छत्तीस जणांची सरासरी वेळ निम्मी आहे. उद्या त्या खुर्चीवर दुसरा बसला असता तर त्याचंही…"

"असंच झालं असतं. ठीक आहे. पण बसला हा."

"आणि दुसरं एक." ते थांबले. या वेळी मॅडमनीही वाक्य पूर्ण केलं नाही, कारण पुढं काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "हा भाग मंजुरीसाठी तुम्हाला पाठवला, तेव्हा तुम्ही मुंबईला होता. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पाठवला. भाग तेरा मिनिटांचा. तुमचं 'ओके, छान' आलं एक वाजून सतरा मिनिटांनी."

बाहेर कुणाच्या तरी हातातला ट्रे पडला. मॅडमनी वहीकडे पाहिलं, मग दाभाड्यांकडे. या माणसाला आपण ओळखतो अशी त्यांची समजूत होती.

"विमानतळावर होते मी," त्या हळू म्हणाल्या.

"हो. घाईत असाल."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. कोरा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, आणि वळल्या तेव्हा पुन्हा विभागप्रमुख झाल्या होत्या. ऋतुराजला त्यांनी सांगितलं की मेमो नाही, पण शिवम घरी जाईपर्यंत दर दोन तासांनी त्याचा श्वास त्यानं स्वतः मोजायचा, पूर्ण मिनिट, आणि कागदावर सही करायची. तो गेल्यावर दाभाड्यांना म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. म्हणजे दोष सगळ्यांचाच आहे. पण मग ते मिनिट ठेवता येणार नाही."

"ॲपमध्ये वेग बदलायची सोय बंद करता येत असेल. ॲपवाल्यांना फोन करून विचारलं तर…"

"येत नाही. मला माहीत आहे. आणि धोका आहे तो, दाभाडे. चुकीचा कान तयार होतोय. त्यापेक्षा मी एक वाक्य भरते : घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा, अंदाज करू नका. आठ सेकंद. ते कुठल्याही वेगानं ऐकलं तरी अर्थ तोच राहतो."

यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. दाभाड्यांनी दोनदा मनात उलटसुलट करून पाहिलं. मॅडम बहुतेक वेळा बरोबरच असत.

त्याच दुपारी गाद्यांच्या खोलीत बसून त्यांनी ते कापलं. आधी मॅडमचं वाक्य आलं, एकदाच, न अडखळता. मग त्यांनी दोन खुणा केल्या आणि मधलं काढलं : आपली तीन वाक्यं, मग छप्पन श्वास, मागं कुरकुरणारं ते पोर. दोन्ही टोकं जुळवताना मॅडमचा श्वास कुठं संपतो ते त्यांनी चार वेळा ऐकून ठरवलं. भाग बारा मिनिटं आणि काही सेकंदांचा झाला. मॅडमनी तो या वेळी समोर बसून, साध्या वेगानं, पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "कमाल आहे तुमची. जोड कळतच नाही."

"हो," दाभाडे म्हणाले. "कळायला नको."

ऋतुराज शुक्रवारी त्या खोलीच्या दारात आला. एका दमात तो बरंच बोलला : थँक्यू काका, सॉरी काका, वडिलांना सांगितलं नाहीये, शिवमचा ऑक्सिजन निघाला, उद्या-परवा त्याला सुट्टी. हे सगळं दीडपट वेगानं.

"आता किती आहे श्वास त्याचा?"

"छत्तीस. पूर्ण मिनिट मोजलाय."

त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण खिशातला फोन वाजला आणि तो गेला.

रविवारी फोन साडेसातला यायचा तो चार वाजताच आला. संध्याबाईंचा आवाज नेहमीचा नव्हता.

"अहो, अभ्याला खोकला झालाय दोन दिवस. अंग बी गरम लागायलं. राजी अन् जावई बाहेर गेलेत, फोन उचलीनात. छाती उडल्यासारखी वाटायली मला. झोपलाय आत्ता. का रिक्षा करून दवाखान्यात नेऊ?"

"ओठ कसे आहेत? लाल का काळे?"

"लालच हायेत."

"दूध पिला?"

"पिला की मघाशी. अर्धा पेला."

"बरगडीखाली खड्डा पडायला का?"

"नाय, तसं नाय. नुसतं वर-खाली."

"मग आता श्वास मोज. सदरा वर कर. पोटाकडं बघ. वर गेलं की एक. मी घड्याळ बघतो, मी म्हणतो तवा थांबायचं."

"मला यायचं का ते?"

"येतं. फोन त्याच्या नाकाजवळ ठेव. स्पीकरचा आवाज बारीक कर, तो उठंल."

पलीकडे खुडबुड झाली. मग पंखा बंद केल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. मग ते आलं. बारीक, जरासं चोंदलेलं, आत, बाहेर. आत, बाहेर.

"हं. सुरू कर."

संध्याबाई मोजू लागल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग तेही थांबलं. दाभाडे घड्याळाकडे बघत होते, पण घड्याळाची गरज त्यांना पंधरा सेकंदांतच संपली. तिशीच्या आसपास. दोन वर्षांच्या पोराला चाळीसपर्यंत काळजी नसते. साधा खोकला होता.

चाळिसाव्या सेकंदाला संध्याबाई कुजबुजल्या, "अहो, चुकलं वाटतं माझं. हलला तो, मधीच. एकोणीस झाले का वीस?"

बोलता आलं असतं. राहू दे, मला कळलं, पोर ठीक आहे, असं म्हणता आलं असतं आणि ती आवाज वाढवून पोळ्यांच्या कणकेकडे वळली असती.

"पहिल्यापासून," दाभाडे म्हणाले. "पूर्ण मिनिट."

"बरं."

रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल चालली होती. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली आणि फोन कानाशी घट्ट धरून ते उभे राहिले. पलीकडे अभयचा श्वास चालला होता आणि त्याच्यामागं, नीट कान दिला तर, तो मोजायला वाकलेल्या संध्याबाईंचाही. साठ सेकंद होईपर्यंत ते काही बोलले नाहीत.